शांततेत शिजलेला रस्सा

आधीच सांगून ठेवतो, मी प्रमाणपत्र मिळालेला माणूस आहे! कोल्हापूरच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत मी, उदयसिंह, सेफ्टी सुपरवायझर आहे आणि मागच्या मार्चमध्ये कंपनीनं मला पुण्याला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. विषय होता, तापमान, आवाज आणि कामावरचं लक्ष. येताना सोनेरी कडांचं प्रमाणपत्र, एक जाडजूड वही आणि खिशात मावणारं आवाज मोजायचं यंत्र घेऊन आलो. जाताना साधा माणूस होतो, येताना तज्ज्ञ!

शिकवलेलं सगळं थोडक्यात सांगतो. उकाडा वाढला की डोकं लवकर थकतं. गोंगाट वाढला की लक्ष उडतं. आणि दोन्ही एकदम वाढले की चांगला शहाणा माणूससुद्धा साध्या साध्या गोष्टी विसरतो. हे पहिल्या दिवशी सकाळीच कळलं. दुसऱ्या दिवशीचं जेवणानंतरचं व्याख्यान मी डोळे मिटून ऐकलं. हॉल गारेगार होता, सर हळू बोलत होते, आणि मी फार एकाग्र झालो की माझे डोळे मिटतात. शेजारच्यानं मला कोपरानं दोनदा ढोसलं. त्याला एकाग्रता म्हणजे काय ते माहीत नसावं.

घरी आल्यावर ज्ञान वाटायला सुरुवात केली. क्रांतीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, मिक्सर लावला की मी यंत्र पुढं धरायचो.

"अठ्ठ्याऐंशी डेसिबल! क्रांती, या आवाजात तुझ्या मेंदूवर केवढा ताण येतोय!"

"मग बंद करू? चटणी तुम्ही पाट्यावर वाटा."

यंत्र खिशात गेलं. आपल्या घरात आपलं कोण ऐकतं? पण सासुरवाडीला ऐकतात! तिथं मी जावई आहे, आणि जावयाला नाही म्हणायची पद्धत अजून कागल तालुक्यात आलेली नाही. पुढं जे काही झालं, ते या एका पद्धतीमुळं झालं. माझ्यामुळं नव्हे.

एप्रिलमध्ये मेव्हण्याच्या पोराचं जावळ होतं. बाळाचे पहिले केस काढायचे आणि अडीचशे माणसांना मटणाचं जेवण घालायचं. खरा कार्यक्रम मटणाचाच. बाळाला आपलं निमित्त म्हणून मांडीवर घेतात! जेवण मळ्यातल्या घरी होतं आणि आचारी होते गैबीचाचा. चाळीस वर्षं कागल आणि आसपासच्या गावांत जावळ असो, बारसं असो, तांबडा-पांढरा त्यांच्याच हातचा. पण आता चाचांचे दोन्ही गुडघे गेले होते. म्हणून हे जेवण पहिल्यांदाच त्यांची नात मदिहा स्वतःच्या नावावर करणार होती. चाचा नुसते खुर्चीवर बसून लक्ष ठेवणार.

मदिहा क्रांतीच्या माहेरच्या गल्लीतली. तिला आक्का म्हणते, मला दाजी, आजोबांना नाना. सव्वीस वर्षांची, काटक पोरगी. तिच्यासाठी हे जेवण साधं नव्हतं. धोंडुबाई नावाच्या एका रोखठोक बाईंनी हायवेला नवं मंगल कार्यालय बांधलं होतं आणि तिथला भटारखाना कुणाला द्यायचा ते त्यांना ठरवायचं होतं. जो तो त्यांना सांगत होता, "गैबी ठीक हाय, पर पोरीला एवढी पातेली झेपायची न्हाईत." त्यावर धोंडुबाईंनी सांगून टाकलं होतं, "जावळाला येतो. जेवून बघतो. मग काय ते."

"दाजी, आज बिघडलं तर नानांचं चाळीस वर्षांचं नाव माझ्यापाशी येऊन संपलं बघा," मदिहा मला म्हणाली. आणि मी ठरवलं, या पोरीला विज्ञानाचा आधार द्यायचा!

साडेदहाला मी मागच्या शेडमध्ये गेलो. वर तापलेला पत्रा, मधे दोन मोठ्या चुली, एकीवर तांबडा, दुसरीवर पांढरा. एका बाजूला भावकीतल्या दहाबारा बायका भाकरी थापत होत्या. थर्मामीटर काढला. एक्केचाळीस! चुलीपाशी नेला. सत्तेचाळीस! एवढ्यात मदिहा मोठ्यानं ओरडली, "तांबड्यात आलं-लसूण पडलं!"

"पडलंऽऽ!" सगळ्या बायका एका सुरात.

"पांढऱ्यात खसखस पडली!"

"पडलीऽऽ!"

यंत्र बघितलं. चौऱ्याण्णव डेसिबल! आमच्या फाउंड्रीत चौऱ्याण्णवला कानात बोळे घातल्याशिवाय आत सोडत नाहीत.

"मदिहा, वाटण तू टाकलंस. मग या सगळ्यांनी ओरडायचं कारण काय?"

"ओरडल्याबिगर कळंल कसं दाजी? निवद दावल्याबिगर चाखायचं न्हाय की."

तेही खरं. मळ्यातल्या म्हसोबाला निवद दाखवेपर्यंत कुणी रश्शाचा थेंबही जिभेवर ठेवायचा नाही, ही सासुरवाडीची जुनी रीत. म्हणजे मीठ-तिखट सगळं नुसत्या लक्षावर!

"म्हणूनच म्हणतो!" मी म्हणालो. "चाखता येत नाही, म्हणजे लक्ष जास्त हवं. लक्ष जास्त हवं, म्हणजे आवाज कमी हवा. आजपासून इथं चाळीस डेसिबलच्या वर कुणी जायचं नाही!"

मदिहानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण तेवढ्यात माझ्या सासूबाई, चिमणाबाई, पुढं झाल्या. "जावईबापू पुण्याला शिकून आल्यात. ते सांगतील तसं करायचं!" मदिहा वळून चुलीत लाकूड सारायला लागली.

मग मी कामाला लागलो. पहिल्यांदा कंपनीतून आणलेला फळा खांबाला टांगला. वर छापलेलं होतं, 'धोक्यांची यादी'. खाली दोन रकाने, धोका आणि उपाय. मदिहाच्या हातात खडू दिला आणि सांगितलं, "सवड झाली की भर. सगळ्यात मोठा धोका सगळ्यात वर, मग त्याहून लहान. नियम आहे!" नंतर भाकरीकडं वळलो. थापण्याचा आवाज बहात्तर भरला. मी प्रत्येक परातीखाली एकेक घडी केलेली गोधडी घातली. आवाज पार गेला. भाकरी जरा चौकोनी यायला लागल्या, पण चौकोनी भाकरीनं कुणाचं पोट बिघडल्याचं ऐकिवात नाही.

गैबीचाचा म्हणजे या कामाचा मुख्य मेंदू, आणि मेंदू थंड पाहिजे. मी घरातला मोठा कूलर उचलून शेडमध्ये आणला आणि त्यांच्या तोंडासमोर लावला. डोक्यावर पांढरा ओला टॉवेल, दोन्ही कानांत कापसाचे बोळे.

"जावईबापू, कशापायी एवढं? कापूस नगो की, रटरट ऐकू येत न्हाय," चाचा कुरकुरले.

"चाचा, तुम्ही फक्त बघायचं. डोळ्यांना काम, कानांना सुट्टी!"

अकरा वाजता शेडमध्ये शांतता पसरली. कूलरची घरघर वजा करून यंत्रावर अडतीस! मला इतका आनंद झाला की मी कंपनीच्या ग्रुपवर फोटो टाकला. बायका खुणांनी पाणी मागत होत्या, मदिहा चवड्यांवर चालत होती, आणि कुणाच्याही तोंडून 'पडलं' नाही की 'पडली' नाही.

एकच छोटी अडचण आली. कूलरचा वारा चाचांना लागून थेट चुलीत शिरला. जाळ भडकला, तांबड्याची फोडणी करपायला आली आणि मिरचीच्या धुराचा खाट सगळ्या शेडभर झाला. बायकांनी पदर तोंडाला लावले, डोळ्यांतून धारा लागल्या. एकीला खोकला आला.

"शूऽऽ!" मी बोट ओठांवर ठेवलं. "खोकायचं असेल त्यांनी उसाच्या फडाकडं जाऊन खोकून यायचं!"

आणि बिचाऱ्या गेल्या हो! दोघी दोघी जाऊन, खोकून, डोळे पुसत परत येत होत्या. इतकी शिस्त मी फाउंड्रीतसुद्धा बघितली नव्हती. मदिहा तेवढी त्या धुरात चुलीपाशी उभी राहून एकटी जाळ आवरत होती.

पाऊणएक तासानं शिरोळहून गणपतराव आले. हे सासूबाईंचे थोरले बंधू. त्यांची आणि गैबीचाचांची मैत्री पोरवयातली, दोघं एकाच तालमीत घुमलेले. आल्या आल्या "गैब्या कुठाय?" म्हणत ते शेडकडं वळले आणि दारातच थबकले.

आता त्यांच्या जागी उभं राहून बघा. अडीचशेचं जेवण, पण शेडमध्ये चिटपाखरूसुद्धा बोलत नाही. बायकांचे पदर तोंडाला, डोळ्यांतून पाणी. मधोमध खुर्चीवर गैबीचाचा. डोक्यावरून पांढरं कापड, कानात कापूस, डोळे मिटलेले, मान एका खांद्यावर. आणि शेजारी दोन्ही हात पुढं बांधून मी उभा. हातात यंत्र होतं, पण ते त्यांना दिसलं नाही.

गणपतरावांनी टोपी काढली.

"कवा?" त्यांनी हळूच विचारलं.

माझ्या व्यवस्थेची चौकशी करतायत असं वाटून मी कुजबुजलो, "अकरा वाजता."

"तरास झाला?"

"छे! कूलर लावला आणि पाच मिनिटांत डोळे मिटले."

गणपतरावांचा चेहरा वाकडा झाला आणि दुसऱ्या क्षणी त्यांनी जो हंबरडा फोडला!

"गैब्याऽऽ! मला न सांगता गेलास व्हय रंऽऽ!"

अंगणातल्या बायकांनी तो ऐकला. काय झालं, कोण गेलं, कुणी विचारलं नाही. आमच्याकडं रडायला कारण नंतर विचारतात! सगळ्यांनी एकदम गळा काढला. बाळ दचकून किंचाळायला लागलं, न्हावी वस्तरा टाकून उभा राहिला. मी यंत्र बघितलं. एकशे चार!

तेवढ्यात प्रेत ताडकन उठून बसलं.

"मीठ पडलं का?" गैबीचाचा ओरडले.

गणपतराव जागेवरच खाली बसले. दोघीतिघी किंचाळत उसात पळाल्या. आणि नेमक्या त्याच वेळी फाटकातून, नाकात मोठी नथ, हातात छत्री, अशा धोंडुबाई आत आल्या. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "जेवाण हाय का मयत?"

कसंबसं त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं. इकडं शेडमध्ये चाचांनी कानांतले बोळे काढून फेकले आणि पुन्हा विचारलं, "आरं, मीठ पडलं का?"

"तांबड्यात टाकलं की नाना," मदिहा म्हणाली. "मघाशीच."

"आगं बया!" सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. "मीबी टाकलं! धुरात तुझ्या ध्येनात ऱ्हायलं असंल म्हटलं. वरडायचं न्हवतं, म्हणून गुमान टाकलं."

चाचा खुर्चीत मागं टेकले. "डुलकी लागायच्या आधी मीबी बसल्या जागी एक मूठ टाकली, नि उठल्यावर इसरलोच."

"आणि पांढऱ्यात?" मी विचारलं.

मदिहानं चाचांकडं बघितलं. चाचांनी सासूबाईंकडं. सासूबाईंनी मदिहाकडं.

कुणीच नाही.

शेडमध्ये परत शांतता पसरली. यंत्र काढायची गरज नव्हती. ही अडतीसच्या खाली होती.

घाईघाईनं म्हसोबाला निवद गेला. परत आल्याबरोबर मदिहानं तांबडा पळीभर घेऊन चाखला आणि डोळे घट्ट मिटले. मीही चाखला. काय सांगू! जीभ आत ओढली गेली ती बाहेर यायचं नाव घेईना. पांढरा चाखला तर त्यात चव म्हणून काही नव्हतीच, कोमट पाण्यासारखा. बाहेर पंगतीत पत्रावळ्या पडल्या होत्या. पहिल्याच रांगेत, मधोमध, धोंडुबाई.

मदिहाच्या डोळ्यांत पाणी आलं. या वेळी ते मिरचीचं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. चाळीस वर्षांचं नाव मी दीड तासात मिठात घातलं होतं! काहीतरी केलंच पाहिजे म्हणून मी वही उघडली आणि म्हणालो, "घाबरू नका! आधी सगळ्यांनी शांतपणे एक दीर्घ श्वास..."

"दाजी, बाहेर व्हा!"

मदिहा ओरडली होती. जावयावर! भर सासुरवाडीत! बायकांच्या हातांतल्या भाकरी तशाच राहिल्या. मी मोठ्या आशेनं सासूबाईंकडं बघितलं.

"व्हय जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "बाहेर व्हा."

मी बाहेर झालो. शेडच्या दाराशी सगळ्या पावण्यांच्या चपलांचा ढीग होता. त्यात जागा करून उभा राहिलो. आतून मदिहाचा आवाज आला, पत्र्याला भिडणारा.

"आक्का, त्यो कूलर बंद कर! परातीखालच्या गोधड्या काढा! मोठं पातेलं आणा हिकडं! पांढरा सगळाच्या सगळा तांबड्यात वततोय!"

"आगं पोरी!" गैबीचाचा कळवळले. "तांबडा नि पांढरा एका भांड्यात? कोल्हापुरात? लोक काय म्हणतील?"

"खारट म्हटल्यापरास बरंच म्हणतील, नाना! धरा तिकडनं! पांढरा पडला!"

"पडलाऽऽ!" सगळ्या बायका गरजल्या.

"बटाटं पडलं!"

"पडलंऽऽ!"

"मीठ?"

"न्हाऽऽय!"

त्या आरोळ्या ऐकता ऐकता माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या गोंगाटात प्रत्येकीला ठाऊक होतं की कुठं काय पडलं आणि काय पडायचं राहिलं. तो गोंगाट नव्हताच, ती त्यांची वही होती. मी ती मिटवून टाकली होती! आवाज किती होता ते विचारू नका. यंत्र बंद करून मी खिशात ठेवलं.

सोळा मिनिटांनी वाढप निघालं. वाट्यांत पडला तो गुलाबी रस्सा! पंगतीत कुजबुज सुरू झाली. कुणी वाटी उजेडाकडं धरून बघतंय, कुणी शेजाऱ्याच्या वाटीत डोकावतंय. गणपतराव मात्र दोस्त जिवंत असल्याच्या आनंदात आधीच दुसरी वाटी पीत होते. धोंडुबाईंनी वाटी तोंडाला लावली. एक घोट. थांबल्या. दुसरा घोट. मग वाटी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "पोरीला बोलवा."

मदिहा आली. कपाळावर राख, पदरावर मिरचीचे डाग. मी चपलांतून मान उंच करून ऐकत होतो. छाती अशी धडधडत होती की तीच पंच्याऐंशी भरली असती.

"ह्यो रंग कसला?"

"चुकलं, मावशी," मदिहा सरळ म्हणाली. "तांबड्यात मीठ तीनदा पडलं, पांढऱ्यात पडलंच न्हाय. म्हणून एकत्र केलं."

"कवा कळलं?"

"तुम्ही पंगतीत बसलासा तवा."

धोंडुबाईंनी नथ सावरली. "माझ्याकडं आजवर पाच आचारी आलं. पाचीजण म्हणालं, आमचं कधी बिघडत न्हाय. ते खोटं बोलत्यात. अडीचशे माणसांत काय ना काय बिघडतंयच. पंगत बसल्यावर सावरणारी नि तोंडावर खरं सांगणारी तू पयली. अक्षय्य तृतीयेपास्नं भटारखाना तुझा. वाढ अजून वाटीभर."

गैबीचाचांनी डोक्यावरचा ओला टॉवेल काढून डोळ्यांना लावला. क्रांतीनं धावत जाऊन मदिहाला मिठी मारली. मलाही जायचं होतं, पण चपलांत पाय अडकला.

"खरं एक सांग," धोंडुबाई म्हणाल्या, "मघाशी मयतावानी गप्प का हुतासा समदी? कुणी सांगितलं हुतं?"

सगळी पंगत माझ्याकडं वळली. मी चपलांकडं बघायला लागलो. एक कोल्हापुरी जोड फार सुबक होता.

परतताना गाडीत क्रांती माझी वही चाळत होती. मधेच थांबली आणि मोठ्यानं वाचू लागली. "'अति थंड आणि अति शांत जागेत माणसाला गुंगी येते व लक्ष कमी होते. तसेच काही आवाज हे कामाचाच भाग असतात. ते बंद करण्यापूर्वी काम करणाऱ्यांना विचारावे.' अहो, हे तर इथं छापलंय!"

"कुठं?"

"पान चौदा. दुसरा दिवस, जेवणानंतरचं व्याख्यान."

मी गाडीचा हॉर्न वाजवला. समोर कुणी नव्हतं.

अक्षय्य तृतीयेला धोंडुबाईंच्या कार्यालयात पहिलं लग्न होतं आणि आम्हाला आमंत्रण होतं. लोक आता मुद्दाम गुलाबी रस्सा मागतात म्हणे! मदिहाचं अभिनंदन करावं म्हणून मी भटारखान्याकडं गेलो. आतून "पडलंऽऽ!" ऐकू येत होतं. दाराच्या बाहेरच माझा फळा टांगला होता. ऊर भरून आला हो! शेवटी पोरीनं माझं काहीतरी घेतलं. वरची ओळ टांगलेल्या मोठ्या चाळणीमागं झाकली गेली होती, म्हणून खालून वाचायला सुरुवात केली.

'३. आवाज. उपाय : वाढवणे.'

'२. उष्णता. उपाय : ताक पिणे.'

क्रम लक्षात ठेवला होता तिनं, मोठ्यात मोठा धोका वर! मी कौतुकानं चाळणी बाजूला सारली.

'१. दाजी. उपाय : मानाने बाहेर बसवणे.'

शेजारी एक खुर्ची मांडून ठेवलेली होती. तिच्यावर टॉवेलही अंथरला होता, कोरडा. यादी नियमाप्रमाणे अगदी बरोबर होती, हे सेफ्टी सुपरवायझर म्हणून सांगतो. बसलो.